कॉन्ट्रीची वही

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा पत्र्याच्या पेटीत ती वही सापडली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. वर माझ्याच अक्षरात 'खोली नं. ३ – जमाखर्च', खाली २००८-०९, ते खोडून २००९-१०, तेही खोडून २०१०-११. बायकोनं विचारलं, "रद्दीत टाकू का?" मी "थांब" म्हणालो आणि तिथंच पेटीवर बसलो. रंगाऱ्याला त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.कॉम. केलं. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून एका घरमालकाच्या मागच्या अंगणात टिनाच्या चार खोल्या होत्या त्यातली तिसरी आम्ही पाच जणांनी घेतली. पाचही खेड्यातले. कोणाचा बाप कास्तकार, कोणाचा कास्तकाराकडं कामाला. वही माझ्याकडं आली त्याची कारणं दोन. पाचांत कॉमर्सचा मी एकटा, आणि मी पीत नव्हतो. त्यात माझा मोठेपणा काही नाही. घरात एका काकाचं काय होतं ते लहानपणी बघून झालं होतं आणि वासानंच मला मळमळायचं. न पिणाऱ्याला अशा मंडळात एकच पद मिळतं, खजिनदाराचं. पैसे गोळा करायचे, गाडी चालवायची, आणि रात्री कोण काय बरळलं ते सकाळी विसरायचं.

वही मी नेमानं लिहिली आहे. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. खोलीभाडं, लाईट बिल, मेसवाल्या काकूंचे पैसे, रॉकेल, झाडू. आणि मधूनमधून 'दूध'. दूध २ लिटर. दूध ४ लिटर. गॅदरिंगच्या आठवड्यात दूध ९ लिटर. खोलीत दूध तापवायला भांडं नव्हतं. चहासुद्धा आम्ही टपरीवर प्यायचो. पण कोणाचा बाप अचानक आला आणि त्यानं वही चाळली तर काय, म्हणून हा शब्द ठरला होता. हिशेब खोटा लिहायचा नाही, फक्त मालाचं नाव बदलायचं, अशी माझी त्या वयातली नीतिमत्ता.

दूध नदीपलीकडून यायचं. गांधीजींचा सेवाग्राम आश्रम इथं असल्यानं वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ला आली. चंद्रपूरला २०१५ला लागली आणि २०२१ला उठली. वर्धेची चालूच आहे. पण आमच्या बाजूला जिल्ह्याची हद्द म्हणजे वर्धा नदी, नदीवर पूल, आणि पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. एक पोट्टा मोटारसायकलवर जायचा, शर्टाच्या आत चपट्या खोचून परत यायचा. छापील किमतीवर त्याचे वेगळे, पेट्रोलचे वेगळे. वहीत 'दूध' याच्या खाली लगेच 'पेट्रोल' का, ते आता कोणालाही कळेल.

बंदीनं काही होत नाही असं म्हणून टाळ्या घेणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. आमच्या गावात बायांनी मिळून हातभट्टीचे ड्रम उलथवले होते, त्यानंतर दोन-तीन घरांत तरी संध्याकाळी चूल वेळेवर पेटायला लागली हे मी पाहिलं आहे. विद्यार्थ्यांच्या बैठकीपुरतं सांगायचं तर मात्र झालं ते असं, की दारू महाग झाली आणि पिणं घाईचं झालं. दार लावून, दिवा मालवून, घरमालकाचा खोकला ऐकू येतो का याच्याकडं कान ठेवून, उपाशीपोटी गटागटा. महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ वर्षं लागतात आणि व्हिस्की-रमला २५, हे मला फार नंतर कळलं. आमच्या खोलीत पंचविशीचा कोणीच नव्हता. एकविशीचा एक होता, तोही एक वर्ष नापास झाला होता म्हणून.

गंमत म्हणजे २ ऑक्टोबरला व्यसनमुक्तीची रॅली निघायची तिच्यात पुढचा बॅनर आमच्याच खोलीतले दोघे धरायचे. एनएसएसचे पॉइंट मिळायचे. घोषणा नीट देता याव्यात म्हणून आधी तोंडातला खर्रा थुंकावा लागायचा. विदर्भाबाहेरच्यांना खर्रा सांगावा लागतो: भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून टपरीवाला जुन्या रबरावर तो घोटून देतो, घर्रघर्र असा आवाज येतो. २०१२ला राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा घोटणं काही थांबलं नाही. त्या बॅनरवाल्यांपैकी एकाचं तोंड आज पुरतं उघडत नाही. दातांच्या डॉक्टरनं त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तर दीड बोटावर अडलं. आणि आमच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव काय, तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ज्यांनी खंजिरी वाजवत गावोगाव व्यसनाविरुद्ध सांगितलं, ते नाव २००५ला विद्यापीठाला दिलं गेलं. आम्ही त्या नावाखाली एटीकेटी घेत होतो.

पण मला लिहायचं आहे ते कॉन्ट्रीबद्दल, म्हणजे पार्टीसाठी काढायच्या वर्गणीबद्दल.

मराठीत आपण पार्टी 'करतो' तेवढीच ती 'देतो' आणि 'मागतो'. 'पार्टी दे.' 'पार्टी कधी?' 'तुझी पार्टी बाकी हाय लेका.' पास झाला, पार्टी. नवीन मोबाईल, पार्टी. वाढदिवस तर आहेच. बहिणीचं लग्न जमलं, पार्टी. आणि ज्याच्या बहिणीचं लग्न जमलंय तो कर्जाच्या विचारात. ही सगळी भाषा उधारीची आहे. वहीच्या मागच्या पानांवर मी 'पार्टी बाकी' अशी वेगळी यादी ठेवली होती, नावापुढं कारण आणि तारीख. बँकेनं तगादा लावावा तसा आम्ही लावायचो.

ज्या वेळी कोणाकडून पार्टी निघत नसे त्या वेळी कॉन्ट्री. सगळ्यांनी सारखी. दीडशे म्हणजे दीडशे. यात सगळ्यांना फार न्याय वाटायचा. कोणी कोणाच्या उपकारात नाही, कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. खजिनदार म्हणून मलाही तो हिशेब आवडायचा, कारण भागाकार सोपा. दीडशे गुणिले पाच.

आता वही उघडली तर त्या सारख्या रकमा मला सारख्या वाचता येईनात. एकाचा बाप ग्रामसेवक होता, त्याचे दीडशे म्हणजे खिशातले दीडशे. आणि एक होता, त्याला आम्ही 'सरपंच' म्हणायचो, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा म्हणून. शर्ट एकच होता, ते आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. सरपंचाकडं दोन एकर कोरडवाहू आणि बाप असून नसल्यासारखा. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तेव्हा वेचाई किलोमागं चार रुपये होती. दीडशेला चार रुपयांनी भागा. साडेसदतीस किलो. कापूस फुटून आला असला तर एका बाईची दिवसभराची वेचणी तेवढी होते. पऱ्हाटीच्या बोंडांची टोकं नखांच्या मुळाशी टोचत, कमरेची ओटी भरत, गठ्ठा डोक्यावर घेऊन मोजायला नेत. मी बी.कॉम.चा विद्यार्थी असून हा भागाकार त्या तीन वर्षांत एकदाही केला नाही.

सरपंचानं कॉन्ट्री कधी चुकवली नाही. हे विशेष आहे. ग्रामसेवकाच्या पोराची उधारी वहीत पाच ठिकाणी आहे, त्याला कशाची फिकीर नव्हती. सरपंचाच्या नावापुढं दर वेळी बरोबरची खूण. ज्याला आपण गावठी दिसू, गरीब दिसू अशी भीती असते तो पैसे आधी काढून ठेवतो. मेसमध्ये एक वेळचंच जेवायचा. "सकाळी भूक नाई लागत बे," म्हणायचा. आम्ही खरं धरलं.

एकच पान वेगळं आहे. जानेवारी २००९. त्या पानावर रुपये जवळजवळ नाहीत.

कणीक ३ पायली – मी. वांगे ४ किलो, हिरव्या मिरच्या, सांभार (कोथिंबीर) – सरपंच. तूप पाव किलो – ग्रामसेवक. गोवऱ्या – सरपंच. गंज, परात – घरमालकीणबाई (परत केले). तूरडाळ – मेसच्या काकू, पैसे घेतले नाही. मीठ १ पुडा – रोख.

रोडग्याची पार्टी. सरपंचाच्या गावाजवळ नदीच्या काठी. जाडसर कणीक घट्ट भिजवून तिच्या पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकावर एक घालून मूठभर गोळे वळायचे, गोवऱ्यांचा जाळ बसला की निखाऱ्यात पुरायचे. वरून राख. मग बसायचं. रोडगे भाजायला त्यांचा वेळ घेतात, तोवर एकानं वांगी चिरायची, एकानं वरणाला फोडणी. त्या दिवशी सगळ्यांवर हुकूम सरपंचाचा चालला. निखारा किती खाली ढकलायचा, रोडगा कधी उलटवायचा, फडक्यात घालून राख कशी झटकायची, हे त्या पाचांत त्याला एकट्यालाच येत होतं. रोडगा दोन हातांनी दाबून फोडला की आतून वाफ येते आणि पापुद्रे सुटतात, त्यावर तूप. ग्रामसेवकाच्या पोरानं सात खाल्ले आणि वाळूत आडवा झाला. दूध नव्हतं त्या दिवशी. कोणी बंदी केली नव्हती, आणायला जायचं राहून गेलं एवढंच.

जुनं ते सोनं म्हणायला मी हे लिहीत नाही. वावरातल्या अशाच पार्ट्यांमध्ये मोहाची आणि नवसागर घातलेली हातभट्टीची पिऊन आमचे काके-मामे वाया गेलेत, आणि त्या पार्टीत पीठ मळायला बायका असायच्या, जेवायला शेवटी. पण ते पान वाचताना मला दिसलं की त्यात प्रत्येकानं आपल्याकडं जे होतं ते आणलं. बाकी सगळ्या पानांवर, जे नव्हतं ते आणलेलं आहे.

आता मी एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. नदीच्या दुसऱ्या बाजूला. पोरांच्या मोबाईलवर ॲप आहे, पार्टीचं बिल टाकलं की ते आपोआप समान भाग पाडतं आणि कोणाकडं किती बाकी ते रोज आठवण करून देतं. माझं पद गेलं म्हणायचं. कॉन्ट्री पाचशेच्या खाली नसते. केक, फवारा, ढाब्यावरचं जेवण, आणि वाढदिवस असणाऱ्याच्या डोक्यावर अंडी. वेचाई दहा रुपयांवर गेली आहे. भागाकार तुम्हीच करा. कोणी पार्टीला आला नाही तर ग्रुपमधून काढत नाहीत, नुसतं नाव घेऊन हसण्याचं चित्र टाकतात. एक पोरगा माझ्याकडं येऊन म्हणाला, "सर, गॅदरिंगच्या दिवशी मले काही काम द्या न, म्हणजे मी कामात आहो असं सांगता येईल." त्याला मी खुर्च्यांचा हिशेब दिला. दिवसभर तो दोन वेळा मोजलेल्या खुर्च्या तिसऱ्यांदा मोजत होता.

मुलींचं वेगळं. गॅदरिंगचा खरा रंग संध्याकाळी सहानंतर, आणि खेड्यावरच्या मुलींची गाडी पाचला. मुलींसाठी सोडलेल्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमध्ये त्या चढल्या की त्यांचं स्नेहसंमेलन संपलं. एकदा माझी गाडी पंक्चर झाली म्हणून मी त्या बसनं निघालो. मागच्या सीटवर गडबड चालली होती. दहा-दहा रुपये काढून आणलेला बेकरीचा छोटा केक, मेणबत्ती नाही, सुरी नाही. कंपासपेटीतल्या पट्टीनं कापला. खड्डा आला आणि केकचा अर्धा भाग वाढदिवसवालीच्या मांडीवर गेला. पूर्ण बस हसली, कंडक्टरही. मला पाहून त्या गप्प झाल्या, मग एकीनं वहीच्या पानावर एक तुकडा आणून दिला. "घ्या न सर." पट्टीवरचे सेंटिमीटरचे आकडे क्रीममध्ये उमटले होते. त्या मुली मजा करत होत्या हे खरं. पाचच्या गाडीनं त्यांचं कॉलेज किती कापलं जातं हेही तितकंच खरं, आणि मुलं मात्र 'मुलींना कुठं इंटरेस्ट असतो' म्हणतात.

असो. वहीकडं येतो.

फेब्रुवारी २०११. सरपंचाची स्कॉलरशिप आली. वर्षभराची रक्कम एकदम, तीही वर्ष संपताना. मागच्या पानावर 'पार्टी बाकी'च्या यादीत त्याचं नाव सर्वांत वर, तीन वर्षांचं साचलेलं. आम्ही त्याला सोडला नाही. मी पीत नव्हतो, पण मागणाऱ्यांत मी होतो. यादी माझ्याच हातची.

दूध ११ लिटर.

सरपंच त्या रात्री पहिल्यांदा पोटभर प्यायला. दहाच्या सुमाराला तो उताणा पडला, आणि आमची डॉक्टरी सुरू झाली. कोणी लिंबू पिळ म्हणतो, कोणी डोक्यावर पाणी ओत म्हणतो, कोणी म्हणतो झोपू द्या, सकाळी उतरते. मेसच्या काकूंना आवाज गेला असावा. त्या आल्या, शिव्या दिल्या नाहीत. वाकून त्याला खांद्याला आणि गुडघ्याला धरलं आणि एका कुशीवर वळवला, पाठीला गादीची वळकटी लावली. "उताण्याले ओकारी आली तं नरड्यात जाते. माहा भाऊ तसाच गेला. रातभर एकानं जागा रहा." एवढंच बोलून गेल्या. तासाभरानं त्याला उलटी झाली, कुशीवर होता म्हणून बाहेर आली. लिंबानं, थंड पाण्यानं काही उतरत नाही, यकृत आपल्या चालीनंच ते काम करतं, आणि माणूस हलवून उठत नसेल तर त्याला दवाखान्यात न्यायचं असतं, हे आज मी वर्गात सांगतो. त्या रात्री मला एवढंच कळलं की जागं राहायचं. मी राहिलो.

सकाळी साडेआठला दारात सरपंचाची आई.

पहिल्या गाडीनं आली होती. हातात कापडी थैली, तिच्यात भाकरी, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. स्कॉलरशिप आल्याचं तिला त्यानंच कोणाच्या तरी फोनवर कळवलं होतं, म्हणून पोराला खाऊ घालायला आली. फरदडीचा, हंगामाच्या शेवटचा कापूस वेचायचा सोडून, रोज पाडून. सरपंच कुशीवरच होता. खोलीला वास. कोपऱ्यात चपट्या शिश्या, मी त्यांच्यावर टॉवेल टाकला तो एका बाजूनं घसरलेला.

"बिमार हाय का?"

"रातच्याला अभ्यास केला न मावशी," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. खाली बसली. माझी वही तिथंच उघडी होती, रात्री मी हिशेब लिहीत होतो. तिनं ती मांडीवर घेतली. चौथी शिकलेली बाई, ओळीखाली बोट धरून वाचत गेली. तिच्या बोटांना नखांच्या कडेनं काळ्या चिरा होत्या. बोट एका ठिकाणी थांबलं.

"दूध," ती म्हणाली. पान उलटलं. "दूध." आणखी उलटलं. "लई दूध पेता रे तुमी."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तिनं वही मिटून जागेवर ठेवली, खराटा शोधला, खोली झाडली, सरपंचाची उलटी राख टाकून पुसली. मग कोपऱ्यात गेली, टॉवेल उचलून घडी केला, आणि शिश्यांपैकी दोन हातात घेऊन उजेडात धरल्या. बुचं घट्ट बसतात का ते फिरवून पाहिलं.

"ह्या दुधाच्या शिश्या नेतो मी दोन," ती म्हणाली. "तेल ठेवाले होतात."

डबा ठेवला, पोराच्या कपाळाला हात लावला, अकराच्या गाडीनं परत गेली. त्याला उठवलं नाही.

वहीत त्या तारखेला मी लिहिलं आहे: 'शिश्या २ – सरपंचाची आई.' पुढं रकमेचा रकाना कोरा. जमा की नावे, तेही ठरवलेलं दिसत नाही. ओळ दोन्ही पानांच्या मधल्या शिवणीवर गेली आहे. त्यानंतर तीन महिने वही चालली, भाडं, लाईट, मेस. दुधाच्या नोंदी आहेत, मी सुधारल्याची गोष्ट रचणार नाही. फक्त 'पार्टी बाकी'चं पान फाडलेलं आहे. ते कोणी फाडलं मला आठवत नाही.

सरपंच आता पुण्याकडं एका कंपनीत कंत्राटावर आहे. वही सापडल्यावर त्याला फोन केला, तर तो दिवाळीला गावी येणारच होता. मी गेलो. घर अजून अर्धं मातीचं आहे, पुढची खोली घरकुलाची. आई थकली आहे, आता वेचणीला जात नाही. मी वही नेली नव्हती आणि त्या सकाळचा विषय कोणी काढला नाही. सरपंचाची मुलगी चार वर्षांची, केस पिंजारून अंगणात पळत होती. आजीनं तिला धरून पायात बसवलं आणि मला म्हणाली, "बाप्पा, ते दिवळीतली शिशी दे बरं."

चपटी शिशी. लेबल केव्हाच गेलेलं, गळ्याला सुतळी. बूच कधी तरी हरवलं असावं, तोंडाला कापसाचा बोळा होता. तिनं तो दातानं काढला, तळहातावर तेल घेतलं आणि नातीच्या टाळूवर थापायला लागली.